सराफा, शंख आणि घोरणारे मामा

इंदूरच्या सराफ्यात सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं खाली आली, की त्यांच्याच ओट्यांवर कढया चढतात. भुट्ट्याचा कीस, साबुदाण्याची खिचडी, थंडी पडू लागली की तळलेले गराडू आणि वर रबडी. मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. राजवाड्यापासून रामबाग-नारायण बागेपर्यंतची मराठी घरंही याला अपवाद नाहीत. पाहुणा आला की त्याला रात्री सराफ्यात फिरवून आणणं हा होळकरांच्या गावचा पाहुणचारच आहे. घरी परतल्यावर हॉलमध्ये ओळीनं घातलेल्या गाद्यांवर सगळे आडवे होतात आणि थोड्याच वेळात एखादे मामा सूर लावतात. बाकीचे आढ्याकडे बघत पडून राहतात. सकाळी पोहे-जलेबी खाताना मामा मात्र सांगतात, ‘‘काय झोप लागली म्हणून सांगू!’’

दिवाळी हा तर घोरण्याचा हंगामच. साफसफाईची धूळ आणि फटाक्यांचा धूर यांनी नाक चोंदलेलं असतं, पोट तुडुंब भरलेलं असतं आणि काही घरांत पत्त्यांच्या डावाबरोबर पेलेही भरले जातात.

जागेपणी घशाचे स्नायू श्वासाची वाट उघडी धरून ठेवतात. झोपेत ते सैलावतात. जीभ मागे सरकते, मऊ टाळू आणि पडजीभ लोंबू लागते. चिंचोळ्या झालेल्या वाटेतून हवा जोरानं जाते आणि हे मऊ भाग थरथरतात. उताणं झोपलं की जीभ स्वतःच्याच भारानं मागे पडते. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे, कुशीवर झोपणं. अडचण एवढीच, की झोपेत माणूस पुन्हा उताणा होतो. त्यासाठी जुन्या बनियनच्या पाठीवर मधोमध कापडी खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घालतात. पाठ टेकली की चेंडू टोचतो आणि माणूस न उठता कूस बदलतो. पाठीशी लोड लावूनही बघता येतं, पण मध्यरात्रीनंतर लोड कुठे जातो ते देव जाणे. उशांची चळत मात्र रचू नये. तिच्यामुळे हनुवटी छातीकडे वळते आणि वाट आणखी आवळली जाते. त्यापेक्षा पलंगाचे उशाकडचे पाय ठोकळ्यांवर चढवून ती बाजू थोडी उंच करावी.

भरल्या पोटी आडवं झालं की आम्ल घशाशी येतं. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास तरी हवेत. इंदूरकरांना सराफा बंद करा म्हणणं व्यर्थ आहे, पण दुकानं लागताच जाऊन लवकर परतायला कोणाची हरकत नसावी. दारू मात्र उशिरा नकोच. आधीच सैल होणारे स्नायू ती आणखी ढिले करते. झोपेच्या काही गोळ्याही तेच करतात. आणि मानेभोवती चरबी साठली असेल, तर वजन उतरवण्याइतका टिकाऊ उपाय दुसरा नाही.

नाक चोंदत असेल तर वाफ घ्यावी किंवा मिठाच्या कोमट पाण्यानं जलनेती करावी. पाणी उकळून निववलेलंच हवं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात नळाच्या पाण्यानं नाक धुतल्यामुळे मेंदूत अमीबा शिरून दोघांचा मृत्यू झाला होता. हळदीचं दूध, वेलची, मध हे खुशाल घ्यावं. घोरणं थांबेल ही आशा तेवढी ठेवू नये. नाकात तेल-तूप ओतण्याचे घरगुती प्रयोग मला पटत नाहीत. ते फुप्फुसात उतरलं तर एक प्रकारचा न्यूमोनिया होऊ शकतो. तोंडाला चिकटपट्टी लावण्याची नवी फॅशन, तीही चोंदलेल्या नाकानं, हा निव्वळ अविचार आहे.

मौज आहे ती घशाच्या तालमीत. ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासींचं डिजरिडू हे लांबलचक फुंकवाद्य चार महिने वाजवल्यावर झोपेत श्वास अडणाऱ्यांचा त्रास कमी झाला, असा स्वित्झर्लंडमधला २५ जणांवरचा अभ्यास २००६ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. त्याला गमतीदार संशोधनासाठी दिलं जाणारं २०१७ चं इग्नोबेल पारितोषिक मिळालं, तेही शांततेचं! पुढे जयपूरच्या डॉक्टरांनी हाच प्रयोग शंखावर केला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ३० जण होते. सहा महिने नियमित शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची पेंग कमी झाली आणि झोपेत श्वास अडण्याचे प्रसंगही घटले. दोन्ही अभ्यास लहान आहेत, त्यामुळे एवढ्यावर उपचार सोडून देवघराकडे धावू नये. पण घरात शंख आहेच, तर सकाळी फुंकायला काय जातं? शेजाऱ्यांचं मत वेगळं पडेल. त्यांची दया येत असेल, तर जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकवून टाळूवरून मागे घासत न्यावं, पुन्हा पुढे आणावं. असे व्यायाम रोज, काही महिने चिकाटीनं करायचे असतात.

हे सगळं साध्या घोरण्यापुरतं. आपण वैतागतो आवाजाला, पण ऐकायला हवं ते आवाज बंद पडल्यावर. घोरणं मध्येच थांबतं, दहा-वीस सेकंद श्वासच नाही, मग गुदमरल्यासारखा आचका आणि पुन्हा घोरणं. हा झोपेतला श्वासरोध. त्यात रक्तातला प्राणवायू वारंवार घसरतो, रक्तदाब वाढतो आणि दिवसा गाडी चालवताना डुलकी लागते. इथे चेंडू आणि शंखावर विसंबू नये. घोरणाऱ्याला स्वतःला यातलं काहीच कळत नाही, म्हणून शेजारी झोपणाऱ्यानं मोबाइलवर दोन-चार मिनिटं चित्रित करून कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांना दाखवावं. ते झोपेची तपासणी सांगतील. बोटाला आणि छातीला यंत्र लावून ती आता घरीही होते. गरज पडली तर मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप यंत्र असतं. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते प्रथम मांडलं. मास्कची सवय व्हायला काही आठवडे लागतात. आणि घरातलं लहान मूल रोज घोरत असेल, तर ‘मामांवर गेलाय’ म्हणून हसण्यावारी न नेता त्याचे टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी तपासून घ्याव्यात.