सुधारणाऱ्या शाळेचा ताळेबंद



स्मृतिव्याख्यानात गौरवाचे शब्द बोलावेत, अशी रीत आहे. परंतु शिक्षकाच्या स्मृतीला खरोखर शोभणारा गौरव म्हणजे त्याच्या कार्यक्षेत्राचे प्रामाणिक परीक्षण, असे मी मानतो. म्हणून माध्यमिक शाळा सुधारू लागते तेव्हा तिचे बळ कशात वाढते आणि तिच्या उणिवा कोठे दडून राहतात, एवढाच विषय मी आज घेतला आहे.

शाळा सुधारत असल्याची चिन्हे निकालाच्या कितीतरी आधी दिसू लागतात. तास वेळेवर सुरू होतात, वह्या तपासून परत मिळतात, हजेरी वाढते आणि पालक काही तक्रार नसतानाही शाळेत येऊ लागतात. अळणावरसारख्या जंक्शनच्या गावी, जेथे आसपासच्या खेड्यांतील मुलांनाही हायस्कुलासाठी यावे लागते, तेथे असा विश्वास निर्माण होणे ही मोठी कमाई आहे.

यानंतर निकालाचा आकडा वाढतो, आणि येथूनच सावध राहण्याची गरज असते. कर्नाटकात एस्.एस्.एल्.सी.चा निकाल 2023 साली 83.89 टक्के लागला होता. 2024 साली परीक्षाकेंद्रांवर कॅमेऱ्यांद्वारे थेट देखरेख सुरू झाली आणि निकाल 73.40 टक्क्यांवर आला. तोही ग्रेस गुणांची मर्यादा 10 वरून 20 टक्के केल्यानंतर. एका वर्षात राज्यातील शाळा एवढ्या बिघडल्या, असे कोणीही म्हणणार नाही. मोजण्याची रीत बदलताच जो आकडा एवढा हलतो, त्यावर शाळेचे सारे मूल्यमापन उभे करता येणार नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ती समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडतो. एका शाळेत आठवीला 60 मुले दाखल झाली, त्यांपैकी 45 दहावीच्या परीक्षेस बसली व 42 उत्तीर्ण झाली. फलकावर 93 टक्के झळकतील. दुसऱ्या शाळेतही 60 मुले आली, 57 परीक्षेस बसली, 48 उत्तीर्ण झाली. फलकावर केवळ 84 टक्के दिसतील. परंतु आठवीपासून मोजले, तर पहिलीने 60 पैकी 42, म्हणजे 70 टक्के मुलांना पार नेले; दुसरीने 48, म्हणजे 80 टक्के. हार-तुरे मात्र पहिलीलाच मिळतील. नववीत गळलेले मूल, कच्चे म्हणून दाखला घेऊन गेलेले मूल, दूरचा प्रवास नको म्हणून घरी बसविलेली मुलगी, यांची नोंद निकालपत्रात होत नाही.

हायस्कुलाची अडचणही समजून घेतली पाहिजे. 2010 सालापासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने 6 ते 14 वयाचे मूल शाळेत आणले; पण हायस्कुलाच्या हाती ते आठवी, नववी व दहावी एवढी तीनच वर्षे असते. त्यातच या सीमेवरच्या भागात घरी मराठी, कोंकणी वा उर्दू बोलणारी मुले कन्नड माध्यमातून शिकतात. गणितात मागे पडलेल्या मुलाला प्रत्यक्षात गणित अडले आहे की प्रश्नाची भाषा, हे आठवीतच तपासले नाही, तर दहावीचे सकाळचे जादा वर्ग फार उशिरा पोहोचतात. सुधारणारी शाळा बहुधा आपले उत्तम शिक्षक दहावीला देते. गरज मात्र आठवीत असते.

येथे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे सुपुत्र जे. पी. नाईक यांचे स्मरण करणे उचित होईल. 1930 च्या दशकात त्यांनी धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात राहून ग्रामसुधारणेचे काम केले. पुढे 1964 ते 1966 या काळात ते कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. समता, गुणवत्ता आणि संख्या या तिन्ही बाजू एकत्र साधणे कसे दुष्कर असते, याचे विवेचन त्यांनी आपल्या 1975 सालच्या ग्रंथात केले. देशाला लागू असलेला हा त्रिकोण एका शाळेलाही लागू पडतो. कच्ची मुले वगळून वाढविलेली गुणवत्ता ही समतेकडून घेतलेली उसनवारीच होय.

आणखी एक उणीव सांगतो. पुष्कळदा सुधारणा एका मुख्याध्यापकाच्या खांद्यावर उभी असते; ते निवृत्त झाले की घडी विसकटते. कच्च्या मुलांची नोंदवही, पालकांच्या घरभेटी, प्रयोगशाळेचे वेळापत्रक या गोष्टी व्यक्तीच्या उत्साहावर न ठेवता शाळेचा परिपाठ बनल्या, तरच सुधारणा टिकते.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपण कमान बांधाल, घड्याळ द्याल, त्याचे स्वागतच आहे. परंतु दरवर्षी शाळेला तीन आकडे विचारा: आठवीत किती आले, दहावीपर्यंत किती पोहोचले, आणि किती उत्तीर्ण झाले. मधल्या गळतीतील प्रत्येक मुलामागे एक कारण असेल. प्रवासखर्च, भाषा, घरची मजुरी किंवा नुसती भीती. त्यांतील काही कारणे आपल्या देणगीने दूर होतील, काही आपल्या वेळाने. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्यांच्या हजेरीपटावर शेवटच्या बाकावरचे नावही तेवढ्याच ठळक अक्षरात असे. तो हजेरीपट पूर्ण भरलेला ठेवणे, हेच त्यांचे स्मारक ठरेल.