गवसणीतला तानपुरा आणि नागपूरचा उन्हाळा

लग्नाआधी गाणं शिकलेल्या कितीतरी जणींच्या घरी एक तानपुरा असतो. सासरी येताना तो हौसेने आणलेला असतो. पुढे मुलं, बदल्या, सणवार यांत तो गवसणीत जातो तो जातोच. मग कधीतरी मुलगी गाणं शिकू लागते, म्हणून आपण तो बाहेर काढतो. तारा छेडाव्या तर खुंट्या सरकतात, सूर धरत नाही आणि आवाज येतो तो पत्र्याच्या डब्यासारखा. ‘बिघडलाय, देऊन टाका आता, मोबाईलवर मिळतो की तानपुरा!’ असं घरात कोणीतरी म्हणतंच.

मैत्रिणींनो, देऊन टाकण्याआधी एक दुपार त्याच्यासाठी काढा. बऱ्याचदा दोष तानपुऱ्याचा कमी आणि आपल्या नागपूरच्या हवेचा जास्त असतो.

आपल्याकडचे बहुतेक तानपुरे मिरजेचे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हे काम चालत आलेलं आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी ते सुरू केलं आणि पुढे त्यांचं आडनावच सतारमेकर झालं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, दांडी तुणीच्या लाकडाची, आतून पोकळ, आणि जोड सरसाचे. ही नाजूक वस्तू आपण आणतो नागपुरात, जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो आणि जूनअखेर पावसाने कपाटाची दारंसुद्धा फुगून बसतात! लाकूड आधी आटतं, मग फुगतं. खुंट्या उन्हाळ्यात सरकतात आणि पावसाळ्यात हलत नाहीत, त्याचं कारण हेच.

पहिलं काम दांडी तपासण्याचं. सुतार फळी डोळ्याला लावून बघतो ना, तसं खुंट्यांच्या बाजूने एक डोळा मिटून दांडीवर नजर टाका. मग एक दोरा दांडीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून धरा. मधे जरासा उजेड दिसला तर घाबरू नका. तानपुऱ्यावर सतारीसारखे पडदे नसतात, तारा दाबायच्या नसतात, त्यामुळे थोडा बाक चालून जातो. बाक वर्षागणिक वाढत असेल, किंवा दांडी आणि भोपळा यांच्या जोडापाशी केसासारखी फट दिसत असेल, तर मात्र तारा लगेच सैल करा आणि कारागिराला दाखवा. घरातला फेविकॉल त्या फटीत भरू नका. जुना जोड साफ करून पुन्हा बसवावा लागतो, आणि वरवरच्या लेपाने ते काम अवघड होतं.

मुलांच्या गिटारीचं याबाबतीत बरं असतं. अकूस्टिक बेस गिटार पाहिलीत का? तिलाही तानपुऱ्यासारख्या चारच तारा, पण चांगल्या जाड. त्यांच्या ओढीने मान वाकू नये म्हणून आत पोलादी सळई बसवलेली असते. अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीने गिटारीच्या मानेसाठी अशा सळईचं पेटंट १९२०च्या दशकात मिळवलं. मान पुढे झुकली तर किल्लीने ती सळई पाव फेरा आवळायची, तारा पुन्हा सुरात आणायच्या, बघायचं, आणि लागलं तरच आणखी पाव फेरा. तानपुऱ्याच्या दांडीत असली सोय नाही. तिथे आपल्या हातात असतो फक्त तारांचा ताण.

म्हणून ही गोष्ट फार महत्त्वाची: तानपुरा कोणाचा आहे ते पाहा. सासऱ्यांचा मर्दानी तानपुरा काळी एक-दोनसाठी बांधलेला असतो. त्याच तारा सुनेसाठी काळी चारपर्यंत चढवल्या, की एकतर तार तुटते, नाहीतर सगळा भार दांडीवर येतो. आणि हा प्रकार चांगल्या चांगल्या घरांत चालतो! मुलीसाठी तोच वाजवायचा असेल तर तारा बदलून बारीक घ्या. तार घेताना दुकानदाराला पट्टी सांगा आणि तानपुरा मर्दानी की जनानी तेही सांगा.

सरकणाऱ्या खुंटीला साधा खडू. खुंटी काढून खडू घासायचा आणि फिरवताना आत दाबत फिरवायची. तेल अजिबात नको. मणी आधी मधोमध आणून ठेवा, खुंटीने सूर जवळपास आणा आणि मग मण्याने नेमका करा. मणी घोडीपासून दूर सरकवला की सूर चढतो.

आता तो पत्र्याचा आवाज. घोडीवर प्रत्येक तारेखाली सुती दोरा असतो, तो गळून गेला असेल. तारेखाली दोरा घालून अगदी केसभर पुढेमागे सरकवत राहा, एका हाताने तार छेडत. एका जागी आवाज एकदम उमलतो, लांबतो आणि गुंजू लागतो. ती जागा प्रत्येक तारेची वेगळी. हे काम सकाळी, कुकरची शिट्टी आणि कूलर दोन्ही बंद असताना करा! दोरा सरकवूनही आवाज उमलला नाही, तर घोडी झिजली आहे आणि जवारी नव्याने काढायला हवी. त्याला कानसाचा हात लागतो, वर्षांची सवय लागते. आमच्या ओळखीच्या एका बाईंची घोडी एका दुरुस्तीवाल्याने पॉलिश पेपरने सपाट घासून दिली, आणि शेवटी नवीनच बसवावी लागली. जवारीसाठी कारागीर निवडताना आधी त्याने लावलेला एखादा तानपुरा ऐका.

ठेवायचा कुठे? गच्चीखालच्या तापणाऱ्या खोलीत नको, पश्चिमेच्या भिंतीला टेकून नको, कूलरच्या झोतात तर नकोच. उन्हात उभ्या गाडीतही ठेवू नका, सरस मऊ पडतो. आतल्या खोलीत, गादीवर आडवा, गवसणीत. दोन-चार महिने वाजणार नसेल तर तारा दोन सूर उतरवा, पण अगदी ढिल्या सोडू नका. दर पंधरा दिवसांनी गवसणी काढून कोरड्या फडक्याने पुसा आणि भोपळ्याला कीड लागली नाही ना, ते उजेडात पाहा. मृगाचा पाऊस पडला की खुंट्यांना पुन्हा एकदा खडू लावा.