झिंक केलेला बोल्ट दुसऱ्या दिवशी का तुटतो?

कापडाचा धंदा करणाऱ्याने लोखंडावर का लिहावे, असे कोणी विचारील. पण दहा रुपयांची स्प्रिंग तुटली की लूम बंद पडतो, आणि लूम बंद पडला की आमचा तागा अडतो. म्हणून हा विषय आपल्या सर्वांच्या कामाचा आहे.

नवा, पक्क्या पोलादाचा बोल्ट. त्यावर चकचकीत झिंक. संध्याकाळी नीट आवळला, सकाळी पाहावे तर डोके तुटून खाली पडलेले. धक्का बसला नाही, जादा वजन पडले नाही. कारखानदार म्हणतो माल खराब, दुकानदार म्हणतो तुम्ही जास्त आवळला, प्लेटिंगवाला म्हणतो मी फक्त झिंक चढवले. अशा भांडणात पुष्कळदा खरा गुन्हेगार चौथाच असतो. तो म्हणजे धातूने पिऊन घेतलेला हायड्रोजन वायू.

धातू वायू पितो, हे ऐकायला चमत्कारिक वाटेल. हायड्रोजनचा अणू सर्व अणूंत लहान. हवेत किंवा सिलिंडरमध्ये त्याचे दोन-दोन अणू जोडीने राहतात आणि ती जोडी धातूत शिरत नाही. पण धातूच्या पृष्ठभागावर जोडी फुटली, किंवा तिथेच सुटा अणू तयार झाला, की तो लोखंडाच्या अणूंमधल्या फटींतून आत सरकतो. विरळ विणीच्या कापडात धूळ शिरावी तसा.

प्लेटिंगच्या कामात हे दोन वेळा घडते. प्रथम गंज काढायला माल तेजाबात बुडवतात. (उर्दू शाळेत आम्ही तेजाब शिकलो, मराठी पुस्तकात ते आम्ल झाले, बाजारात आता नुसते ॲसिड राहिले.) तेव्हा जे बुडबुडे येतात तो हायड्रोजनच. पुढे झिंकच्या टाकीत वीज सोडली की मालावर जस्त बसते आणि सोबत थोडा हायड्रोजनही तयार होतो. बराचसा बुडबुड्यांनी निघून जातो, थोडा आत शिरतो. वरून जस्ताचा थर झाकणासारखा बसतो, त्यामुळे आत गेलेल्याला बाहेर पडणे कठीण होते.

मऊ लोखंडाला याचे फारसे काही होत नाही, ते ताण आला की थोडे लवते. पाणी दिलेले कडक पोलाद लवत नाही. जिथे ताण सर्वांत जास्त, म्हणजे बोल्टच्या डोक्याखाली किंवा आट्यांच्या खोलगटात, तिथे हे अणू गोळा होतात, बारीक चीर पडते, ती हळूहळू वाढते आणि काही तासांनी किंवा दिवसांनी तुकडा पडतो. दुकानात झटकन ताणून पाहिलेला हाच बोल्ट पास होतो, कारण ही खोड सतत राहणाऱ्या ताणातच उघड होते.

हे ज्ञान नवे नाही. १८७५ साली विल्यम जॉन्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले की तेजाबात काही मिनिटे ठेवलेली तार ठिसूळ होते, मोडलेल्या जागी ओल लावली तर बुडबुडे फेसाळतात, आणि तार तशीच ठेवली किंवा गरम केली तर तिचा चिवटपणा परत येतो. तरीही मार्च २०१३ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड पुलाच्या नव्या भागात, जस्त चढवलेल्या तीन इंच जाडीच्या ९६ दांड्यांपैकी ३२ दांड्या आवळल्यानंतर थोड्याच दिवसांत तुटल्या. तिथे दांड्यांच्या भोकांत अनेक वर्षे पाणीही साचलेले होते. एवढ्या मोठ्या कामात हे होते, तर आपल्या गल्लीतल्या कामाचे काय सांगावे?

इलाज जॉन्सन यांच्या निरीक्षणातच आहे: उष्णता. प्लेटिंग झाल्यावर होईल तितक्या लवकर, चार तासांच्या आत, माल १९० ते २२० अंश सेल्सियसच्या भट्टीत ठेवावा. किती वेळ, ते कडकपणावर अवलंबून. आठ तासांपासून चोवीस तासांपर्यंत लागतात. पिवळे किंवा निळे पॅसिव्हेशन भट्टीनंतरच करावे, आधी केले तर उष्णतेने ते बिघडते. चीर एकदा पडली की मात्र भट्टीने ती सांधत नाही. त्यापेक्षा गंज तेजाबाऐवजी शॉट ब्लास्टिंगने काढला तर पहिला धोका मुळातच टळतो.

बोल्टच्या डोक्यावरचा आकडा पाहावा. ४.६ आणि ८.८ ला ही चिंता नाही. १०.९ ला सावधगिरी हवी. १२.९ वर विजेचे झिंक करूच नये, काळा, तेल लावलेला घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ॲल्युमिनियम ओतणाऱ्या कारागिरांनाही हा वायू छळतो. वितळलेला धातू ओलाव्यातून हायड्रोजन घेतो, थिजताना त्याला तो धरून ठेवता येत नाही, आणि ओतीव मालात सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहतात. भंगार व साचा कोरडा ठेवणे एवढे तरी आपल्या हातात असते.

हीच खोड दुसरीकडे गुण ठरली आहे. पॅलेडियम स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे नऊशे पट हायड्रोजन पितो, हे थॉमस ग्रॅहम यांनी १८६० च्या दशकात दाखवले. निकेल आणि लॅन्थेनमचा मिश्रधातू हायड्रोजन घेतो आणि परत सोडतो. निकेल-मेटल-हायड्राइडचे रिचार्जेबल सेल याच जातीच्या मिश्रधातूंवर चालतात.

आता व्यवहाराचे. माल किती कडक आहे हे प्लेटिंगवाल्याला कोणी सांगितलेच नाही, तर दोष त्याच्या माथी मारता येणार नाही. चलनावर ग्रेड, झिंक, आणि 'प्लेटिंगनंतर भट्टी, इतके तास' असे लिहून द्यावे. भट्टीचे पैसे वेगळे पडतात, ते आधी ठरवून घ्यावेत. लॉट आला की त्यातले पाच-सहा बोल्ट जाड पट्टीत पूर्ण आवळून ४८ तास तसेच ठेवावेत आणि त्या जागी कोणाला फिरकू देऊ नये, कारण तुटलेले डोके गोळीसारखे उडते. एक जरी तुटला तरी सगळा लॉट परत करावा.