पिल्ले घेण्याआधी आई-बाप पाहा

अंड्यांच्या धंद्यात नर पिल्लू म्हणजे निव्वळ खर्च. दाणा खाते, अंडे देत नाही. त्यामुळे एक दिवसाचे पिल्लू नर की मादी, हे ओळखता आले तरच हिशेब जमतो.

आम्ही यात एकदा फसलो आहोत. "काळ्या पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका असेल तो नर, नसेल ती मादी," असे सांगून विक्रेत्याने बिनठिपक्याची शंभर काळी पिल्ले दिली. काही महिन्यांत जवळजवळ निम्म्यांचे तुरे वाढले आणि पहाटे आरवणे सुरू झाले!

ठिपक्याचा नियम खरा आहे. चूक जोडीत होती. पिसांवरील आडव्या पट्ट्यांचा गुण लिंगाशी बांधलेला असतो, हे अमेरिकेचे स्पिलमन यांनी १९०८ साली मांडले. कोंबड्यात झेड गुणसूत्रे दोन, कोंबडीत एकच. माणसाच्या नेमके उलट. पट्ट्यांचा गुण या झेडवर असतो. आईचे एकुलते झेड फक्त नर पिल्लांना मिळते, मादी पिल्लांना मिळते ते बापाचे. म्हणून ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि पट्टेरी प्लिमथ रॉक कोंबडी यांची नर पिल्ले पट्टेरी होतात आणि ठिपका घेऊनच अंड्यातून निघतात. माद्या काळ्या, बिनठिपक्याच्या.

आता जोडी उलटी लावा. कोंबडा पट्टेरी, कोंबडी तांबडी. सगळ्याच पिल्लांना ठिपका! गुण लिंगाशी बांधलेला आहे की नाही, याची पारख अशा उलटसुलट जोड्या लावूनच होते.

आमच्या विक्रेत्याने तिसराच उद्योग केला होता. पहिल्या पिढीतले पट्टेरी नर आणि काळ्या माद्या त्याने आपसांत जोडल्या. अशा नराचे एक झेड पट्ट्याचे, दुसरे बिनपट्ट्याचे. दोन्ही तो नर-मादी पिल्लांत सारखेच वाटतो. मग ठिपका असो वा नसो, निम्मे नर आणि निम्म्या माद्या ठरलेल्या. त्याच्या टोपलीत काही तांबूस पिल्ले होती, तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवे होते. पहिल्या पिढीत सगळी काळीच निघतात.

यातून घरच्या पैदाशीचाही प्रश्न सुटतो. अंड्यांसाठी घेतलेल्या या काळ्या कोंबड्यांची पिल्ले ठिपक्यावरून निवडता येणार नाहीत. दरवेळी मूळ जोडीचीच पिल्ले आणावी लागतील.

आता आम्ही खरेदीआधी पैदाशीचे खुराडे दाखवा म्हणतो. आत कोंबडे तांबडे आणि कोंबड्या पट्टेरी दिसल्या, तरच पैसे मोजतो.