चामड्याची मोट

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातलं केदारखेडा हे पूर्णेच्या खोऱ्यातलं गाव. ऑइल इंजिन आणि विजेचा पंप येण्याआधी इथल्या, किंबहुना साऱ्या मराठवाड्यातल्या विहीर-बागायतीचा भार चामड्याच्या एका मोठ्या पिशवीवर होता. ती म्हणजे मोट. ऊस, मिरची, कांदा, गहू, पाऊस सरल्यावर शिवारात जे हिरवं दिसे, ते बहुतेक मोटेच्या पाण्यावरचं.

मोटेचं तोंड लोखंडी कड्यावर ताणून बसवलेलं असे आणि बुडाला लांब सोंड असे. तोंडाला जाड नाडा, सोंडेला बारीक सोंदूर. नाडा विहिरीवरच्या मोठ्या चाकावरून आणि सोंदूर खालच्या लाकडी रुळावरून बैलांच्या जुवापर्यंत जाई. सोंदुराची लांबी अशी बेताची, की मोट वर येईस्तोवर सोंड दुमडलेलीच राही आणि पाणी सांडत नसे. बैल उताराची धाव उतरून टोकाला पोचले, की मोटेचं तोंड चाकाशी येई, सोंड रुळावरून पुढे ओढली जाई आणि शंभर-दीडशे लिटर पाणी आपसूक थारोळ्यात कोसळून पाटाला लागे. मोट रिती करायला विहिरीच्या काठावर दुसरा माणूस लागत नसे. मोटकरी नाड्यावर बसून बैलांबरोबर उतरे, मग त्यांना मागे सारत पुन्हा विहिरीपाशी आणी. जोडीला गाणं असेच.

हे सारं जमे ते चामड्यामुळे. दगडी बांधकामावर आपटून ते फुटत नाही, हवं तसं वळतं आणि सतत भिजूनही लवकर कुजत नाही.

कच्च्या कातड्यात यातला एकही गुण नसतो. ओलं राहिलं तर ते चार दिवसांत सडतं, वाळलं तर फळीसारखं ताठ होतं. कातड्याच्या मधल्या थरात कोलॅजेन या प्रथिनाचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. झाडांच्या सालींतलं टॅनिन या धाग्यांना घट्ट धरून ठेवतं, मग जिवाणूंना ते खाता येत नाहीत. कातडं कमावणं म्हणजे हेच. आधी कातडं धुऊन चुन्याच्या कुंडात बुडवायचं. केसांची मुळं सुटली, की एका बाजूचे केस आणि दुसऱ्या बाजूचं मांस खरवडून काढायचं. मग बाभळीची साल आणि हिरडा. तरवडाची सालही चाले, आणि तरवड तर माळरानावर आपोआप उगवणारं झुडूप. एका जुन्या पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवून तीत साल आणि पाणी भरत नि ती टांगून ठेवत. पाणी कातड्यातून झिरपे, खाली साठे, ते पुन्हा वरून ओतायचं. शेवटी तेल चोळून मऊपणा आणायचा.

हलगीचं कातडं मात्र असं कमावत नाहीत. कमावलेलं चामडं तसं खणखणत नाही. कच्चं कातडं हवेतला ओलावा धरून सैल पडतं, म्हणून वाजवण्याआधी हलगी शेकोटीवर शेकतात.

हे ज्ञान ज्यांच्या हातात होतं त्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं. मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम महारांवर लादलेलं होतं. ढोर कातडी कमावत आणि मोटा शिवत, चांभार वहाणा करत, मांग दोर वळत. बलुत्याचा मोबदला सुगीत खळ्यावर, धान्याच्या रूपात मिळे. ज्यांच्या हातच्या चामड्यातून गावाचं पाणी वर येई, त्यांना त्याच विहिरीला शिवू दिलं जात नसे. विटाळ माणसाचा मानला जाई, त्यानं शिवलेल्या मोटेचा नाही. १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याच्या हक्काचा लढा उभारला आणि मेलेल्या जनावरांचं मांस खाणं सोडून देण्याचं आवाहन केलं. पुढे गावोगावच्या महारांनी मेलेली जनावरं ओढणं नाकारलं. चामड्याच्या धंद्याकडे पाहताना हा नकारही कारागिरीइतकाच मोलाचा मानायला हवा.

चामड्याच्या मोटेला आधी लोखंडी पत्र्याच्या मोटेनं आणि मग पंपानं हटवलं. सालीची जागा बहुतेक ठिकाणी क्रोमियमच्या क्षारांनी घेतली. त्यात काम आठवड्यांऐवजी दिवसांत उरकतं, पण सांडपाण्याची काळजी घ्यावी लागते. सालीवर कमावलेलं चामडं आज ठळकपणे दिसतं ते कोल्हापुरी चपलेत. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानमध्ये तशाच चपला दाखवल्या, तेव्हा महाराष्ट्रातून श्रेयाची मागणी झाली आणि कंपनीला या परंपरेचं ऋण मान्य करावं लागलं.

मानांकनाच्या त्या यादीत जालना नाही, आणि मोट आता बाजारात विकायची वस्तूही नाही. पण सोंड कशी कातरायची, टाका कुठे दुहेरी घ्यायचा, सोंदूर किती लांब ठेवायचा हे सांगू शकणारी माणसं आता फार वयस्कर झाली आहेत. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांनी आणि वस्तुसंग्रहालयांनी ही माहिती कारागिरांच्या नावानिशी आताच टिपून घ्यावी.