घाट संपला, तरी गाडी चढतच होती

आज टॅपेटचा लेख यायचा होता. फीलर गेज आणून ठेवा, असं मीच सांगितलं होतं आणि बऱ्याच जणांनी तो आणलाही आहे. आणखी आठवडाभर तो डब्यात राहू द्या. सोलापूरच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यातल्या एका ओळीपायी मला दुसरं काही सुचेनासं झालं.

गाडी साडेतीनशे सीसीची, एअर-कूल्ड, मागे ड्रम ब्रेक. नवरा-बायको डबलसीट आणि दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा. सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरून ते गणपतीपुळ्याला गेले. जाताना गाडीनं काही त्रास दिला नाही. दोन दिवसांनी परत निघाले आणि साखरप्याहून घाट चढताना निम्म्या वाटेत गाडी ओढेना. रेस दिली की इंजिनातून खळखळ आवाज आणि जळका वास. थांबले. एक जण इंजिनावर ओतायला पाण्याची बाटली घेऊन आला, त्याला वहिनींनी अडवलं. अर्ध्या तासानं गाडी पहिल्यासारखी चालू झाली. पण मलकापूरच्या अलीकडे पुन्हा तेच, आणि कोल्हापूर यायच्या आत तिसऱ्यांदा.

सोलापूरला मेकॅनिकनं ऑइल बदललं, प्लग काढून पाहिला, चाकं फिरवून पाहिली. सगळं ठीक. मग घाटासाठी ऑइल कूलर बसवून घ्या, असं त्यानं सुचवलं. पत्रातला प्रश्न एवढाच होता, बसवू का?

आधी वहिनींचं कौतुक. तापलेल्या सिलिंडरवर एका बाजूनं गार पाणी पडलं की तेवढाच भाग झटकन आकसतो, बाकीचा फुगलेलाच राहतो. या ओढाताणीत फिन तडकू शकते, हेड वाकू शकतं. मग पावसात गाडी भिजते तेव्हा काय होतं? पाऊस थेंबाथेंबानं पडत असतो आणि इंजिनाचा ताप त्याच्याशी जुळवून घेत हळूहळू उतरतो. बाटली एका क्षणात रिकामी होते. तेव्हा सावली, वारा आणि अर्धा तास हेच औषध. थांबल्यावर येणारी टिकटिक ही फिना निवताना आकसण्याची आहे, तिला घाबरू नका. चढावर रेस देताना येणारी खळखळ मात्र नॉकिंगची, तिला जरूर घाबरा.

आता मुद्द्याचं. ताप आलेल्या माणसाला डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, ताप कधी चढतो? गाडीलाही हेच विचारायचं. फक्त सिग्नलला उभी असताना तापते आणि चालू लागली की निवते? एअर-कूल्ड गाडीचा तो स्वभावच आहे, कारण तिचा पंखा म्हणजे तिचा वेग. रेडिएटरच्या गाडीला हेच झालं तर पंखा, त्याचा फ्यूज आणि रिले बघा. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगात तापते? मग पेट्रोल कमी आणि हवा जास्त, असं मिश्रण जातंय का ते बघा. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिश्रण आणखी थोडं पातळ करतं, कारण इथेनॉलच्या पोटात स्वतःचा ऑक्सिजन असतो. पण तेव्हा प्लगचं टोक पांढरट पडतं आणि या गाडीचा प्लग कॉफीच्या रंगाचा होता. फक्त घाटात तापते? मग बहुतेक वेळा चूक गिअरची असते. चौथ्यात घरघरत चढवण्यापेक्षा दुसऱ्यात मोकळी चढवावी.

इथे यातलं काहीच जुळत नव्हतं. घाट एकदाच लागला, गाडी तीनदा तापली. तोच भार आणि तेच ऑइल घेऊन ती जाताना शहाण्यासारखी चालली होती. म्हणजे गणपतीपुळ्याच्या मुक्कामात काहीतरी बदललं. पत्र मी पुन्हा वाचलं. तिथल्या जेवणाचं, समुद्राचं वर्णन होतं आणि त्यातच ही ओळ होती: मागचं चाक पंक्चर झालं होतं, पण पंक्चरवाल्यानं पाऊण तासात काढून दिलं, भला माणूस.

ट्यूबच्या टायरचं पंक्चर काढायला मागचं चाक उतरवावं लागतं. चाक उतरवायचं तर ब्रेक रॉडचा नट सोडावा लागतो आणि चेन ढिली करावी लागते. दोन्ही परत बसवताना आपला हात स्वभावतःच घट्टपणाकडे जातो. ढिला ब्रेक लगेच कळतो, लागून राहिलेला ब्रेक कळत नाही.

मी फोन केला. ते म्हणाले, "अहो, मेकॅनिकनं डबल स्टँडवर लावून चाक फिरवलं ना, एकदम फ्री आहे."

या उत्तरासाठीच मी हा अख्खा लेख खर्ची घालतोय. डबल स्टँडवर मागचं चाक लोंबत असतं. दोन माणसं आणि बॅगा चढल्या की सस्पेन्शन दबतं, स्विंगआर्म वर येतो. चेनचा पुढचा स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि चाकाचा ॲक्सल हे तिन्ही एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. स्टँडवर बरोबर वाटणारी चेन डबलसीट झाली की तारेसारखी होऊ शकते. ब्रेक रॉडचंही तसंच. तो स्विंगआर्मच्या पिव्हटभोवती फिरत नाही, त्यामुळे चाक वर-खाली झालं की त्याची मोकळीक बदलते आणि काही गाड्यांत ती भाराखाली कमी होते. मुळात मोकळीक जेमतेम असेल, तर माणसं बसताच लायनर ड्रमला घासू लागतो. रिकाम्या गाडीला दुखणं नाही, भरलेल्या गाडीला आहे. आणि आपण तपासतो रिकामी गाडी.

एवढ्याशा घासण्यानं इंजिन तापतं का? हिशेब करू. गाडी, दोन माणसं आणि सामान मिळून ३५० किलो धरा. लागून राहिलेला ब्रेक मागे १० किलोच्या जोरानं ओढतोय असं समजा. ३५० किलोंना मागे खेचणारे १० किलो म्हणजे शंभर मीटरला जवळपास तीन मीटरचा चढ! आंबा घाट मागे पडला, पण गाडीसाठी कोल्हापूरपर्यंतचा सगळा रस्ता चढच होता. शिवाय पेट्रोलच्या उष्णतेपैकी जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाकापर्यंत पोचतो. बाकीची सायलेन्सरमधून आणि फिनांमधून बाहेर जाते. चाकानं एक वाटा जास्त मागितला, की इंजिनाला दोन-तीन वाटे जास्तीची आग सोसावी लागते.

लागून राहिलेल्या ब्रेकचा हा धडा मला खंबाटकी घाटानं शिकवला. निघायच्या आदल्या रात्री ब्रेक चांगला कडक करून मी पुण्याहून साताऱ्याला डबलसीट निघालो होतो. घाटात गाडी तापली, तेव्हा कार्बोरेटर उघडायला लगेच रस्त्याकडेला बसू लागलो. बसता बसता तोल जाऊन हात मागच्या ड्रमला टेकला. बोटांचे फोड आठवडाभर राहिले. तेव्हापासून गाडी तापली की मी इंजिनाकडे नंतर आणि चाकांकडे आधी जातो.

तुम्ही हात टेकवू नका. मागचा ब्रेक न लावता चार-पाच किलोमीटर चालवा, थांबा आणि ड्रमवर पाण्याचे दोन थेंब टाका. चुर्र झालं तर ड्रम शंभर अंशांच्या वर आहे आणि चोर सापडला. ही परीक्षा भरलेल्या गाडीवरच घ्या.

सोलापूरकरांनी तसंच केलं. दोघं बसून निघाले, थेंब चुरचुरले. नट चार फेरे सोडला, चेनला पुस्तिकेत दिलेला ढिलेपणा दिला. नंतर ते डबलसीट पंढरपूरला जाऊन आले, इंजिनाची तक्रार नाही. लायनर मात्र काचेसारखे गुळगुळीत झाले होते, ते बदलावे लागले. ऑइल कूलर बसवला असता तर कदाचित इंजिन थोडं निवलं असतं आणि ब्रेक तसाच जळत राहिला असता.

तेव्हा प्रवासात मागचं चाक उतरवलं गेलं, तर पैसे देण्याआधी दोघंही गाडीवर बसा, न्यूट्रलमध्ये टाका आणि पंक्चरवाल्यालाच मागून हलकेच ढकलायला सांगा. गाडी त्या हलक्या जोरावर सरकली पाहिजे. नाही सरकली तर पान्हा अजून त्याच्या हातातच आहे.

पुढच्या आठवड्यात टॅपेट, आणि इंजिन पूर्ण गार असतानाच.