पाणबुड्याचे पाय



माणसाचा पाय चालण्यासाठीं घडलेला आहे. टांच टेकावी, चवडा उचलावा आणि देहाचा भार पुढें न्यावा, हें काम तो जमिनीवर उत्तम करतो. तोच पाय पाण्यांत नेला म्हणजे मात्र दुबळा ठरतो. बदकाच्या बोटांमध्यें पडदा असतो, माशाला पर असतात. आपल्या पायाला यांपैकीं कांहींच नाहीं. ही उणीव भरून काढण्यासाठीं पायांत घालावयाचीं जीं रबरी किंवा प्लॅस्टिकचीं वल्हीं निघालीं आहेत, त्यांस फिन म्हणतात. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राचा तळ पाहण्याचा छंद, म्हणजेच स्कूबा डायव्हिंग, आतां आपल्या मालवण-तारकर्लीपर्यंत येऊन पोहोंचला आहे. घरोघरचीं मुलें सुटींत तेथें जातात, आणि गोडी लागली म्हणजे स्वतःचें सामान घेण्याचा विषय निघतो. फिन कशी पारखावी, हें त्या वेळीं घरांतील वडील मंडळींसही ठाऊक असावें, म्हणून आजचें हें भाषण.

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेचे प्रसिद्ध पुरुष बेंजामिन फ्रँक्लिन यांनीं बालपणीं हातांत धरावयाच्या लांकडी फळ्या करून पोहून पाहिलें होतें. तळपायांसही त्यांनीं तसेंच कांहीं बांधून पाहिलें, पण त्यानें त्यांचें समाधान झालें नाहीं. पुढें १९३३ सालीं फ्रेंच नौदलांतील माजी अधिकारी लुई द कोर्लिय यांनीं फिनचें पेटंट घेतलें, आणि १९४० मध्यें ओवेन चर्चिल यांनीं ती अमेरिकेंत विक्रीस आणली. १९४३ मध्यें कुस्तो आणि गान्यां यांचें पाण्याखालीं श्वास घेण्याचें यंत्र सिद्ध झालें. तेव्हांपासून टाकी आणि फिन यांची जोडी जमली ती जमलीच.

आतां फिन करते काय, तें पाहूं. आपण पाणी मागें लोटतों, म्हणून आपण पुढें जातों. थोडें पाणी जोरानें लोटण्यापेक्षां पुष्कळ पाणी सावकाश लोटणें कमी कष्टाचें असतें. फिनचें पातें रुंद असतें तें एवढ्याचसाठीं. येथें कोणी म्हणेल, मग सर्वांत लांब आणि सर्वांत ताठ पातें घ्यावें, म्हणजे झालें! नेमकी येथेंच गफलत होते. पातें जितकें मोठें व ताठ, तितका मांडीवर व पोटरीवर भार अधिक. स्नायु तयार नसतील तर पायांत गोळे येतात. आणि खोल पाण्यांत आलेला गोळा ही हंसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे.

दुसरी गोष्ट वेगाची. पाण्यांत वेग दुप्पट केला, तर पाण्याचा विरोध चौपट होतो, आणि त्यासाठीं लागणारी शक्ति आठपट होते. म्हणून पाणबुड्यानें घाई करणें म्हणजे हवा उधळणें होय. उदाहरण घ्या. बारा लिटरच्या टाकींत २०० वातावरणांच्या दाबानें हवा भरली आहे. त्यांतील ५० वातावरणें राखीव ठेवलीं, तर वापरावयास १८०० लिटर हवा उरली. २० मीटर खोलीवर एकंदर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो, म्हणून प्रत्येक श्वासाला तिप्पट हवा लागते. शांतपणें पोहणारा मनुष्य पृष्ठभागावर मिनिटाला १५ लिटर हवा घेतो असें धरलें, तर त्या खोलीवर ४५ लिटर लागेल, आणि हवा ४० मिनिटें पुरेल. न झेपणारी फिन ओढतांना धांप लागून तोच श्वास दुप्पट झाला, कीं अवधि २० मिनिटांवर येतो. सारांश, फिनची निवड हा जितका पायांचा प्रश्न आहे, तितकाच तो श्वासाचाही आहे.

आतां प्रकारांकडे वळूं. पहिला भेद टांचेचा. एका जातींत बुटाप्रमाणें सबंध पाऊल आंत जातें. ही फिन हलकी असते व अनवाणी पायांत घालतां येते. दुसरीची टांच उघडी असून मागें पट्टा असतो; ती जाड तळव्याच्या मोज्यासारख्या बुटावर चढवावी लागते. कोंकणचें पाणी उबदार आहे. तेथें होडींतून उतरावयाचें असेल तर पहिली जात पुरते. परंतु कातळांवरून, कालवांच्या धारदार कवचांवरून चालत पाण्यांत शिरावयाचें असेल, किंवा पाणी थंड असेल, तर दुसरीच बरी. तिचा रबरी पट्टा केव्हां तरी तुटतोच; म्हणून एक जादा पट्टा जवळ असावा, किंवा पोलादी स्प्रिंगचा पट्टा बसवून घ्यावा.

दुसरा भेद पात्याचा. साधें सलग पातें सर्व कामांस चालतें. कांहीं जड रबरी पात्यांना झरोके ठेवलेले असतात; प्रवाहाशीं झगडणारे अनुभवी लोक तीं पसंत करतात, पण नवख्याला तीं जड जातात. मधोमध चिरलेलें, माशाच्या शेपटीसारखें पातें पायांस हलकें लागतें आणि गुडघे दुखणाऱ्यांस मानवतें. मात्र बेडकाप्रमाणें पाय फांकून पोहण्यास किंवा मागें सरकण्यास तें तितकेंसें उपयोगी नाहीं. फार लांब पातीं एका श्वासावर बुडी मारणाऱ्यांसाठीं असतात. टाकी घेऊन खडकांतून फिरणाऱ्यास तीं अडचणच होतात.

तिसरी गोष्ट मापाची, आणि माझ्या मतें हीच पहिली समजावी. दुकानांत फिन पायांत घालून खुर्चीवर बसावें व पाय हवेंत हलवावा. टांच सुटतां कामा नये, बोटें दुमडतां कामा नयेत, आणि पावलाच्या कमानीवर कांच पडतां कामा नये. बुटावर घालावयाची फिन बूट घालूनच पारखावी. माझा एक जुना विद्यार्थी किनाऱ्यावर हीच विद्या शिकवितो. त्याचें सांगणें असें, कीं पहिल्या आठ-दहा बुड्या भाड्याच्या फिनांवर माराव्या, निरनिराळे प्रकार वापरून पाहावे, आणि मगच पैसे खर्चावे. पायांत गोळा आलाच, तर थांबावें, गुडघा सरळ करावा आणि फिनचें टोंक हातानें आपल्याकडे ओढून धरावें, हेंही तो प्रथम दिवशींच शिकवितो.

अखेरीस एक गोष्ट, जी आपल्या हिताची नसून दुसऱ्याच्या हिताची आहे. समुद्रतळावरील प्रवाळ दगडासारखें दिसलें तरी तें सजीव आहे. त्याच्या गोल, भरीव जातींची वाढ वर्षाकांठीं फार तर एक-दोन सेंटिमीटर. म्हणजे हातभर प्रवाळ वाढावयास माणसाचें अर्धें आयुष्य जातें, आणि बेफाम फिनचा एक फटकारा तें क्षणांत मोडूं शकतो. मालवणचा समुद्र १९८७ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झाला, तो अशाच जीवांच्या रक्षणासाठीं. ज्याचे पाय त्याच्या ताब्यांत नाहींत, त्याच्या पायांत महागडी फिन असून उपयोग काय?

तेव्हां मुलामुलींनीं फिन मागितली तर नाहीं म्हणूं नका; पण तिची किंमत विचारण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारा: पायाला बसते का, आपल्या बळाला झेपते का, आणि ज्या पाण्यांत उतरावयाचें त्याला शोभते का? तिन्हींचें उत्तर होकारार्थी आलें, तर साधी फिनही चांगली.